दुसरी गिटार

दोन गिटारींनी एकत्र वाजवायचं म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी. दोघींचा हात तयार, सवयी सारख्या आणि चूल एकच. सतार-सरोद किंवा बासरी-संतूर या जोड्यांत निदान आवाज तरी वेगळे असतात. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत ब्रिजभूषण काब्रांची गिटार संतूर आणि बासरीला कितीही खेटून वाजली, तरी कोण बोलतंय ते डोळे मिटूनही कळतं. दोन जॅझ गिटारींना ती सोय नाही. सहा तारा इकडे, सहा तिकडे, पल्ला तोच. पाठीशी ड्रम नाहीत, बास नाही. एकानं चार स्वर जास्त वाजवले की नुसता गलबला.

हा धोका डिसेंबर 1982 मध्ये डब्लिनच्या एका मैफलीत दोघांनी पत्करला. एक जिम हॉल, पन्नाशी ओलांडलेले अमेरिकन. दुसरे लुई स्टुअर्ट, अडतीस वर्षांचे, जन्म वॉटरफर्डचा, वाढलेले डब्लिनात. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ‘द डब्लिन कॉन्सर्ट’ या नावानं लिव्हिया रेकॉर्ड्सनं प्रसिद्ध केलं ते थेट 2024 मध्ये.

दोघांचे स्वभाव मात्र भिन्न. हॉल म्हणजे काटकसर. जिथं दुसरा दहा स्वर वाजवील तिथं ते तीन वाजवतात आणि उरलेली जागा मोकळी सोडतात. बिल एव्हान्सच्या पियानोबरोबर 1962 साली त्यांनी ‘अंडरकरंट’ केलं, तेव्हाच हे दिसलं होतं. पियानोसारखं भरगच्च वाद्य समोर असताना गिटारनं कुठं थांबायचं, याचा तो धडाच आहे. स्टुअर्ट म्हणजे ओघ. बीबॉपच्या लांबलचक ओळी ते एका दमात म्हणतात आणि वेग कितीही वाढला तरी एकेक स्वर सुटा ऐकू येतो. 1968 साली माँत्रो महोत्सवात त्यांना पारितोषिक मिळालं; पुढं बेनी गुडमन, टबी हेज, जॉर्ज शिअरिंग यांनी त्यांना साथीला घेतलं. एवढं होऊन हा माणूस डब्लिनचाच राहिला. ऑन्जर स्ट्रीटवरच्या जे. जे. स्मिथ्स या पबमध्ये वर्षानुवर्षं वाजवत राहिला. त्याच वास्तूत कवी टॉमस मूरचा जन्म झाला होता.

आयर्लंडच्या पारंपरिक संगीतात पबमधल्या बैठकीला फिडल, बासरी, पाइप असे सगळे एकच चाल एकत्र वाजवतात. एकमेकांत मिसळून जाण्यातच तिथला आनंद. त्या परंपरेत गिटार उशिरा आली, विसाव्या शतकात, आणि आली तीही साथीला. जॅझची रीत उलटी. इथं दुसऱ्यानं तेच वाजवलं तर मजाच गेली.

‘स्टेला बाय स्टारलाइट’ घ्या. 1944 च्या एका भुताटकीच्या चित्रपटासाठी व्हिक्टर यंगनं बांधलेली ही चाल. स्टुअर्टही त्याच वर्षी जन्मलेले. चित्रपट मागं पडला आणि चाल जॅझवाल्यांची बंदिश होऊन बसली. अस्ताई-अंतरा सगळ्यांना पाठ, प्रश्न एवढाच की आज आपण काय करणार. अशा चालीत एकजण पुढं निघाला की दुसऱ्याच्या हाती कॉर्ड येतात. चालीच्या पायाखाली जमीन अंथरायची, पण रस्ता अडवायचा नाही. गोविंदराव पटवर्धन किंवा आप्पा जळगावकर यांची पेटी ज्यांनी मन लावून ऐकली आहे, त्यांना हे निराळं सांगायला नको. गवय्या कुठं वळेल याचा अंदाज घेत ती अर्धी मात्रा मागं चालायची, आणि ऐन जागेवर गप्प बसायची.

स्टुअर्टना याच्या नेमकं उलटही करता येत होतं. 1977 साली ‘आउट ऑन हिज ओन’ या स्टुडिओतल्या तबकडीत त्यांनी काही ठिकाणी स्वतःच्याच गिटारवर स्वतःची दुसरी गिटार चढवली आहे. विलक्षण सुंदर काम! पण तिथं दुसरी गिटार काय करणार हे पहिलीला आधीच ठाऊक असतं. मैफलीत ते ठाऊक नसतं. समोरचा माणूस मध्येच कॉर्ड बदलेल, लय ओढून धरील, नाहीतर हात काढून घेईल आणि तुम्हाला एकटं सोडील. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात वाजवण्याबरोबर एक ऐकणंही मुद्रित होतं, आणि ते स्टुडिओत कितीही थर चढवले तरी तयार होत नाही. आपल्याकडच्या जुन्या खासगी मैफलींच्या टेपा आवाजाची खरखर सोसून लोक का जपतात, त्याचं कारणही मला हेच वाटतं.

टेपांचं नशीब मात्र कुणाच्या हाती नसतं. मुंबईत जन्मलेले, मूळचे गोव्याचे गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांनी सत्तरच्या दशकात लंडनला ‘कोंकण डान्स’ वाजवलं. ते प्रसिद्ध झालं 2006 मध्ये. तोवर त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती. डब्लिनच्या मैफलीचंही तसंच. लिव्हिया हे चित्रकार जेराल्ड डेव्हिस यांनी 1977 साली उभं केलेलं छोटं घर. कादंबरीकार जेम्स जॉइसच्या अ‍ॅना लिव्हियावरून, म्हणजे डब्लिनच्या लिफी नदीवरून, त्याचं नाव. ते बंद पडलं, पुढं नव्या हातांनी पुन्हा उभं राहिलं, आणि मग ही मैफल बाहेर आली. तोवर हॉल 2013 मध्ये आणि स्टुअर्ट 2016 मध्ये गेले होते.

या गोष्टीची हळहळ वाटावी हे खरं. पण मला थोडं बरंही वाटतं. हयात असते तर दोघांपैकी कुणीतरी म्हणालं असतं, हा तुकडा गाळा, इथं माझा हात अडखळला. मोठ्या कलावंतांना स्वतःचं अडखळणं सहन होत नाही. आणि मला तर नेमकं तेच हवं असतं. चाल पुढं नेणाऱ्याला मी एकदा ऐकून घेतो आणि मग सबंध मैफल दुसऱ्या गिटारच्या मागं जातो. ती कधी थबकते, कशानं चमकते, पुढच्याचं म्हणणं पटल्यावर कशी झटकन सामील होते. त्या दोघांनी श्रोत्यांसाठी जे वाजवलं ते उत्तम आहेच. एकमेकांसाठी जे वाजवायचं टाळलं, त्यावर ही मैफल उभी आहे.