गाडी रनिंगमध्ये आहे!

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकाने नवी गाडी घेतली. पेढे वाटता वाटता त्याने विचारलं, "पहिले हजार किलोमीटर खरंच जपून चालवायची का रे? शोरूमवाला म्हणतो आजकाल असलं काही नसतं." झालं! कॅन्टीनमध्ये लगेच दोन पक्ष पडले. मी गप्प बसलो, कारण माझं उत्तर जरा लांबलचक आहे. आज शनिवार आहे, दुसरा चहा झालाय, तर इथेच लिहून टाकतो.

सुरुवात बाबांपासून करावी लागेल. बाबांनी १९८४ साली बजाज चेतक घेतली. घेतली म्हणजे काय, नंबर लागला! काही वर्षं वाट बघून आलेली स्कूटर, त्यामुळे तिचे लाड घरातल्या धाकट्या लेकरापेक्षा जास्त. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, डबलसीट नाही, दर अर्ध्या तासाने सावलीत थांबायचं. कुणी मागितलीच तर उत्तर तयार: "गाडी रनिंगमध्ये आहे." मला वाटतं ती पुढे दोनेक वर्षं रनिंगमध्येच होती.

तेव्हा हा नियम खुळचट नव्हता. टू-स्ट्रोक इंजिन, हवेवर थंड होणारं, वंगण म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल. नवा पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसलेला. जास्त तापला की फुगणार आणि जागच्या जागी धरणार. आमच्या शेजारच्या काकांची स्कूटर अशीच सीझ झाली होती, आणि बोअरचं काम निघालं म्हणजे पगाराचं गणित कोलमडायचं. बाबांनी ते बघितलेलं होतं.

पण मग आजच्या गाडीचं काय?

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा पाडतात. याला होनिंग म्हणतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासून नीट बसल्या, की वरचा जळता वायू खाली निसटत नाही आणि खालचं ऑइल वर जाऊन जळत नाही. आता गंमत बघा. रिंगेला भिंतीवर दाबण्याचं मोठं काम जळणाऱ्या वायूचा दाबच करतो, तो रिंगेच्या मागे खाचेत शिरतो. म्हणजे फारच हलक्या पायाने चालवली तर हा दाब कमी पडतो, भिंत गुळगुळीत होऊन चकाकायला लागते आणि गाडी ऑइल खाते. अति लाडाने पोर बिघडतं, तसंच.

आता बरीच इंजिनं 'प्लॅटो होनिंग' होऊन येतात. रेघांची टोकं कारखान्यातच घासून सपाट केलेली असतात. पूर्वी जे काम पहिल्या हजार किलोमीटरमध्ये आपण करायचो, त्यातलं बरंचसं आधीच झालेलं असतं. म्हणून शोरूमवाला अर्धा बरोबर. पण अर्धाच! बी.एम.डब्ल्यू.च्या एम गाड्यांना आजही सुमारे २००० किलोमीटरला खास रनिंग-इन सर्व्हिस असते. आणि इंजिन सोडा, नव्या ब्रेक पॅडना डिस्कवर बसायला, नव्या टायरला रस्ता नीट पकडायला थोडं अंतर लागतंच. ते इलेक्ट्रिक गाडीलाही चुकलेलं नाही.

आता ती रात्र.

नोव्हेंबर २०१९. आमची पेट्रोल गाडी येऊन नऊ दिवस झाले होते, मीटरवर २१२ किलोमीटर. रात्री साडेदहाला कराडहून फोन आला, आत्याला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, लगेच निघा. बाबांची ही एकच बहीण. आम्ही पंधरा मिनिटांत निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला तरी मी साठवरच होतो. खरं सांगायचं तर बाबा शेजारी होते म्हणून. लहानपणापासून डोक्यात बसलेला तो चाळीसचा काटा! एकामागून एक ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते.

खेड शिवापूरच्या पुढे बाबा म्हणाले, "अरे, अशाने पहाट होईल."

"बाबा, गाडी रनिंगमध्ये आहे..."

ते काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, "गाडी परत घेता येईल."

पुढे नव्वद-शंभरने गेलो. टॅकोमीटर साडेतीन हजाराच्या आत, पाय कधी दाबायचा, कधी सोडायचा. खंबाटकीच्या चढाला मी चौथ्यातच रेटत होतो, इंजिन घुसमटल्यासारखं व्हायला लागलं. बाबा म्हणाले, "तिसरा टाक, तिला कुंथवू नकोस." जीव बहिणीत अडकलेला आणि कान मात्र इंजिनाकडे!

एक वाजून गेल्यावर पोचलो. आत्या शुद्धीवर होती. बाबांचा हात धरून तिने विचारलं, "एवढ्या रात्री कशाला धावत आलास?" त्यानंतर ती दोन दिवस होती. पहाटेपासून तिला बोलता येईना. म्हणजे साठनेच गेलो असतो तर कदाचित... असो.

मी नंतर मॅन्युअल उघडून वाचलं. इंजिन गार असताना पिळू नका, एकदम ॲक्सिलरेटर दाबू नका, फार वेळ एकाच वेगाने जाऊ नका, वरच्या गिअरमध्ये रेटू नका, पहिले १००० किलोमीटर. चाळीसचा आकडा कुठेच नाही. आम्ही प्रोग्रामर लोक जुन्या कोडमध्ये अशी एखादी संख्या बघतो. का लिहिली ते कुणाला माहीत नसतं, बदलायची हिंमत होत नाही. मूळ कारण उष्णता आणि ताण हे होतं, चाळीस हे फक्त त्या काळच्या स्कूटरपुरतं उत्तर. मी आकडा पाठ केला होता. बाबांना कारण माहीत होतं, म्हणून ते आकडा सोडू शकले.

तेव्हा मित्रा, पहिले हजार किलोमीटर जप, पण लाड करू नकोस. आणि निकड असेल तर बिनधास्त जा. आमच्या गाडीचे ८० हजार झालेत, दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल घालावं लागलेलं नाही. अर्थात एका गाडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन हॉस्पिटलच्या आवारात आलो, तर बाबांनी बॉनेट उघडलेलं. डिपस्टिक बाहेर काढून स्वतःच्या रुमालाने पुसली, परत घातली, काढून उजेडात धरली.

"उतरलेलं नाही," म्हणाले, आणि वर आत्याकडे गेले.