घर पाहावं श्रावणात

मैत्रिणींनो, ‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. ज्यांना बांधणं झेपत नाही त्या आपल्यासारख्या विकत घेऊन पाहतात. आम्हीही पाहिलं, आंजर्ल्याला. हे गाव तुम्हाला ठाऊक असेलच. कड्यावरच्या गणपतीला कुणी नवस फेडायला जातं, कुणी मुलांना समुद्र दाखवायला. आज मी तुम्हाला त्याच गावात घेऊन जाणार आहे, पण देवळात थोडाच वेळ थांबू. जास्त वेळ घालवायचा आहे तो एका कपाटामागच्या भिंतीपाशी.

दापोली सोडली की रस्ता उतरू लागतो. आसूदच्या पोफळीच्या बागा मागे पडतात, हर्णै येतं, मासळीचा वास गाडीत शिरतो, आणि मग जोग नदीची खाडी. पूर्वी इथे तरीने पलीकडे जावं लागे. सासूबाई लहानपणी तशाच जात. त्यांचं आजोळ या बाजूचं. आता पूल आहे. पूल ओलांडला की माडांच्या गर्दीत आंजर्लं दिसू लागतं. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्यामधून गेलेल्या पाखाड्या, दोन्ही बाजूंना वाड्या आणि वाड्यांत लपलेली कौलारू घरं.

गणपतीचं देऊळ वर कड्यावर. मूळचं देऊळ लाकडी होतं आणि अठराव्या शतकात ते दगडाचुन्यात नव्याने बांधलं, असं सांगतात. मूर्ती उजव्या सोंडेची. दर्शन घेऊन मागे वळलात की खाली माडांचा हिरवा पट्टा, त्यापुढे समुद्र आणि समुद्रात सुवर्णदुर्ग. आम्ही एप्रिलमध्ये तिथे उभे होतो, २०२२ साली. वारा छान सुटला होता. ह्यांना निवृत्त होऊन चार महिने झाले होते, फंडाचे पैसे बँकेत होते, आणि खाली एक घर विकाऊ होतं. सासूबाई म्हणाल्या, “इथे राहायला मिळालं तर माझा दमासुद्धा पळेल.” आता सांगा, अशा जागी उभं राहून कोण नाही म्हणेल?

घर कसं, तर मधे माजघर, पुढे पडवी, मागे मोरी आणि विहीर. भिंती जांभ्याच्या, वर पत्रे. आतून नुकताच रंग दिलेला, फिक्कट निळा, हात लावला तर गुळगुळीत. माजघरातल्या एका भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत प्लायवूडचं कपाट बसवलेलं. “वा, कपाटाचा खर्च वाचला!” असं मी म्हटलं होतं. ते वाक्य मला अजून टोचतं.

त्या श्रावणात सासूबाईंना घेऊन आम्ही महिनाभर राहायला गेलो. कोकणचा पाऊस तुम्ही दोन दिवसांच्या सहलीत पाहिला असेल. राहून पाहिला की तो वेगळा दिसतो. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ पाचपट, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. दोरीवरचं लुगडं तीन दिवस वाळत नाही. मीठ बरणीत पाणी धरतं. काड्यापेटी ओढली तर काडीचं टोकच गळून पडतं. हे सगळं गमतीचं वाटत होतं, पहिला आठवडा.

दुसऱ्या आठवड्यात कपाटातल्या माझ्या चांगल्या साडीवर पांढरे ठिपके दिसले. मी पुसले आणि कापराच्या वड्या ठेवल्या. सासूबाईंचा खोकला वाढला. त्या माजघरात, त्याच कपाटाशेजारी निजत. रात्री दोन-दोनदा उठून बसायच्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. दापोलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं आणि विचारलं, “घरात कुठे ओल आहे का? बुरा दिसतो का?” आम्ही दोघंही ठामपणे म्हणालो, “नाही हो, घर नवं रंगवलेलं आहे.”

परत आल्यावर मात्र माझ्या मनात किडा वळवळू लागला. ह्यांच्या मागे लागून कपाटाची मागची फळी एका बाजूने उचकटली. मैत्रिणींनो, आत भिंत नव्हतीच म्हणा ना! काळी, हिरवी, मधेच पिवळट लव. हाताच्या पंज्याएवढे डाग एकमेकांत मिसळून कमरेपासून छतापर्यंत गेलेले. वास असा, की जणू वर्षानुवर्षं कुणी ओलं पोतं कोंडून ठेवलं होतं. मग आम्ही निळा रंग नखाने खरवडला. त्याचा मोठा पापुद्रा निघाला आणि पापुद्र्यामागेही तेच.

हे पायरीवर जाऊन बसले. फंडातले निम्म्याहून जास्त पैसे त्या भिंतीत गेलेले. मी रागाने जे बोलू नये ते बोलले. “तुम्हालाच घाई होती,” असं. घाई मलाही होतीच की.

शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या. भिंत पाहून त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, “अगो, वादळात ह्या घराचं छप्परच गेलं होतं. वर आकाश दिसत होतं.”

निसर्ग चक्रीवादळ तुम्हाला आठवत असेल. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि खाली दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपून काढलं. माड, पोफळी उन्मळल्या, कौलं पानांसारखी उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. त्यातून ते टाळेबंदीचं वर्ष. ना कौलं मिळत, ना माणसं. आणि मागोमाग पावसाळा! आमच्या ह्या घरावर ताडपत्री होती म्हणे, तीही फाटकी. सबंध पावसाळा भिंती पाणी पीत राहिल्या. पुढे पत्रे पडले, आतून सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर प्लॅस्टिक रंग, आणि सगळ्यात वाईट भिंतीपुढे कपाट.

“मग काकू, आम्हाला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? आणि त्यांनाही पैशांची नड होती. गावातल्या माणसाच्या व्यवहारात मी कशी मोडता घालू?”

त्यावर मी काय बोलणार? घर घेताना आम्ही सातबारा पाहिला, घरपट्टीच्या पावत्या पाहिल्या, विहिरीचं पाणी चाखलं. पण शेजारच्या बाईला “वादळात इथे काय झालं?” एवढा साधा प्रश्न विचारला नाही.

आता थोडं शहाणपण, जे मला विकत घ्यावं लागलं आणि तुम्हाला फुकट मिळतं आहे. लोणच्याला बुरा आला तर आपण काय करतो? वरचा थर काढतो खऱ्या, पण आधी विचारतो, ओला चमचा कुणी घातला? भिंतीचंही तसंच. बुरशी पुसून भागत नाही, पाणी कुठून आलं ते शोधावं लागतं. ओल जमिनीपासून वर चढून दोन-तीन फुटांवर थांबली असेल तर ती जोत्यातून येते. वरून खाली ओघळ असतील तर छप्पर किंवा पन्हळ गळते. खिडकीभोवती किंवा पावसाच्या तोंडच्या भिंतीवर असेल तर झड लागते. म्हणूनच जुनी माणसं आगोटीला त्या बाजूला झावळ्यांची झापं बांधत. आणि नुसतं कपाटामागे, कोपऱ्यात, गादीखाली असेल, तर तिथे वारा खेळत नाही आणि हवेतलीच ओल गार भिंतीवर बसते. आमच्याकडे पाणी जुनं होतं, आत कोंडलेलं. जांभा दगड सच्छिद्र. तो पाणी पितो, पण मोकळा ठेवला तर हळूहळू सोडतोही. जुना चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. सिमेंट आणि वर प्लॅस्टिक रंग म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट.

पांढरं दिसलं की सगळी बुरशीच असते असंही नाही. भिंतीवर मिठासारखी भुकटी येते तो लोणा. थेंबभर पाण्यात तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. पण लोणा हीसुद्धा ओलीचीच खूण.

घर पाहायला जाल तेव्हा ही एक युक्ती करा. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला आले तर हवेत. बंद कपाटं उघडून नाक आत घाला. नाक रंगाला फसत नाही. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर कारण विचारा. आणि जमलं तर घर श्रावणात पाहा. एप्रिलात कोकणातलं प्रत्येक घर चांगलं दिसतं.

बुरशी काढायची वेळ आली तर कोरड्या झाडूने खरवडू नका, तिची धूळ घरभर उडते आणि छातीत जाते. नाका-तोंडाला मास्क, हातात मोजे, खिडक्या सताड उघड्या, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं आणि लगेच कोरडं करायचं. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर बहुधा बुरशी धरत नाही, हे ध्यानात ठेवा. कापसाच्या गादीत बुरशी शिरली असेल तर जीव न अडकवता ती टाकून द्या. ब्लीचिंग पावडर वापरायचीच असेल तर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात दम्याचं माणूस, तान्हं मूल असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. ओल्या, बुरशीच्या घरात दमा आणि श्वासाचे विकार बळावतात हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये सांगितलं आहे. आम्ही मात्र सासूबाईंना ‘हवापालटासाठी’ नेऊन नेमकं त्या भिंतीशेजारी निजवलं होतं! दुसऱ्याच दिवशी ह्यांनी त्यांना पुण्याला पोचवलं. आठवड्याभरात रात्रीचं उठणं थांबलं.

मग प्रश्न आला, घराचं करायचं काय? एका दलालाने सरळ सल्ला दिला, “फाल्गुनात एक हात रंग मारा, एप्रिलात मुंबईचं गिऱ्हाईक आणतो. तुमचे पैसे सुटतील.” खोटं कशाला सांगू, त्या रात्री आम्ही दोघांनी त्याचा विचार केला. पैसे काही झाडाला लागलेले नव्हते. सकाळी ह्यांनी फोन सासूबाईंच्या कानाला लावून सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “घेणारीच्या घरातही एखादी म्हातारी असेल की रे.”

विषय तिथेच संपला.

दिवाळीनंतर पाऊस पूर्ण सरल्यावर काम काढलं. कपाट मोडलं. सिमेंटचा गिलावा दगडापर्यंत खरवडला आणि भिंती उन्हा-वाऱ्याला तशाच उघड्या ठेवल्या, होळीपर्यंत. गवंडी हसत होता, पण थांबला. मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. पत्रे पुढे वाढवून पागोळ्या भिंतीपासून लांब नेल्या. जोत्याभोवती चर खणला. नवं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे उभं आहे. पैसे गेले, दोन बांगड्याही गेल्या, त्याचा हिशेब तुम्हाला कशाला?

काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी चुलीचा धूर माजघरातून वर चढत कौलांतून बाहेर पडे. वासे काळे होत, पण कोरडे राहत. तो धूर बायकांच्या छातीत किती गेला हे त्याच सांगतील, म्हणून चूल परत आणा असं मी म्हणणार नाही. पण गॅस आला, मुलं मुंबईला गेली, दारांना कुलपं लागली, आणि घरातली ऊब गेली. काकूंच्या शब्दांत, “घर बंद ठेवलंत की ते कुजतं, माणसासारखंच.” आता आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. पाऊस उघडला की त्या दारं-खिडक्या उघडतात, पडवीत बसून सुपारी कातरतात, आणि संध्याकाळी बंद करून जातात. आम्ही पुण्याहून जाताना त्यांच्यासाठी न विसरता बाकरवडी नेतो.

त्याला तीन पावसाळे झाले. उत्तरेच्या भिंतीवर एका कोपऱ्यात अजून थोडा बुरा येतो. दर आठवड्याला कुणीतरी पुसतं. सासूबाई पावसात पुण्यालाच असतात. कार्तिक लागला की सामान बांधतात आणि फाल्गुनापर्यंत आंजर्ल्याला राहतात. रात्री पडवीतल्या खाटेवरून त्यांना समुद्राचा आवाज ऐकू येतो. खोकला येतो कधीमधी, पण उठून बसावं लागत नाही.

तुम्ही आंजर्ल्याला गेलात तर गणपतीला जरूर जा. वरून खाली पाहाल तेव्हा माडांत एक पांढरं घर दिसेल, निळं नाही. श्रावणात गेलात तर आत या. कपाट बाजूला सरकवून मी तुम्हाला भिंत दाखवीन.