परसातले डाळिंब

बारामतीहून इंदापूर साधारण 50 किलोमीटर. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, मग निमगाव केतकी आणि इंदापूर. हा रस्ता मला पाठ आहे, कारण लहानपणी दर मोसमात याच रस्त्याने एसटीत मांडीवर कापडी पिशवी घेऊन मी बारामतीला फुफीकडे जायचो. पिशवीत आमच्या परसातली डाळिंबे असायची. अब्बा निघताना बजावायचे, "दबू देऊ नकोस. फुफीचा हक आहे तो."

या ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच फुफीला घेऊन मी उलट दिशेने निघालो. इंदापूरचे घर विकायचे ठरले आहे. गिऱ्हाईक मिळाले आहे, दिवाळीनंतर खरेदीखत. तिला झाड एकदा पाहायचे होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, तरी खिडकीची जागा तिनेच धरली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात 1885 च्या सुमारास आले आणि कोरडवाहू रानाचे रूप बदलले. पण कालव्याचे पाणी सगळ्यांपर्यंत पोचले नाही. जिथे ते पोचले नाही, तिथे माणसांनी डाळिंब धरले. निमगाव जवळ आले की ऊस विरळ होतो आणि डाळिंबाच्या बागा दिसू लागतात. आता सगळीकडे भगवा वाण, लालभडक दाण्यांचा. त्याआधी गणेश होता. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये निवडलेला, मऊ बियांचा. मध्यंतरी तेल्या रोगाने बागाच्या बागा बसवल्या. फळावर तेलकट डाग पडतात, मग ते तडकते. कर्ज काढून लावलेल्या बागा लोकांनी मुळासकट उपटलेल्या मी पाहिल्या आहेत.

आमचे झाड या कुठल्याच वाणाचे नाही. दाणा फिकट गुलाबी, बी टणक, चव आंबटगोड. बाजारात कोणी विचारणार नाही. ते आले दादीच्या माहेरून. तिचे माहेर भीमेच्या काठावर होते. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसते, ते बघायला लोक जातात. दादीच्या गावाचे तसे काही वर येत नाही. गाव उठायच्या आधी तिने माहेरच्या झाडाची गुटी बांधून घेतली आणि इंदापूरला आणून परसात लावली. माहेरातून तिला मिळालेली तेवढीच एक वस्तू, असे फुफी बसमध्ये सांगत होती. मला हे आजवर माहीत नव्हते. मी विचारले, "आणि जमिनीचा मोबदला?"

"तो मामूंनी घेतला. दादीला कोण विचारतंय?"

घरी पोचलो. दार चाचांच्या थोरल्या मुलाने उघडले, चहा झाला. फुफी थेट मागे गेली. झाडाचे जुने खोड वाळले आहे, पण बुडातून फुटलेले चार-पाच फुटवे चांगले माजले आहेत. आठ-दहा फळे होती, दोन पाखरांनी फोडलेली. तिने एक फळ तोडले, पायरीवर बसून सोलले आणि साल ओच्यात ठेवली. पोट बिघडले की वाळलेली साल उगाळून द्यायची, ही दादीची रीत तिने अजून सोडलेली नाही.

मग अगदी सहज म्हणाली, "इथेच सही केली होती मी. या पायरीवर."

1994 ची गोष्ट. दादा आधीच गेले होते, त्या वर्षी दादी गेली. चाळीसावा झाल्यावर हक्कसोडपत्राचा कागद आला. मी शाळकरी होतो, पण तो दिवस आठवतो, कारण घरात बिर्याणी होती. मी विचारले, "तुम्ही राजीखुशीने केली होती ना?"

"राजी-नाराजी कुणी विचारलीच नाही, बेटा. कागद पुढे आला, पेन हातात आलं. भाई म्हणाला, डाळिंबं पाठवत जाईन. पाठवली त्याने. खोटं कशाला बोलू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला जड गेले.

मी शाळेत शिकवतो, वाट्यांची गणिते फळ्यावर शंभरदा मांडली असतील. परतीच्या बसमध्ये फुफीला डुलकी लागली आणि मी हे गणित तिकिटाच्या मागे मांडले. जागा 2,500 चौरस फूट. दोन मुलगे, एक मुलगी. सूरह निसाप्रमाणे मुलाला दोन हिस्से, मुलीला एक, म्हणजे फुफीचे 500. प्रत्यक्षात अब्बा आणि चाचांनी 1,250-1,250 घेतले. प्रत्येकाकडे तिचे 250 फूट गेली तीस वर्षे पडून आहेत. अब्बांच्या खऱ्या 1,000 मध्ये मी आणि माझी बहीण. अम्मीही आता नाहीत. म्हणजे बहिणीचे 333. माझ्या नावावरच्या 1,250 मध्ये माझे फक्त 667.

बहिणीच्या हक्कसोडपत्रावर 2017 ची सही आहे. तो कागद मीच तयार करून घेतला होता. तिला विचारले होते का? "सही लागेल" असे सांगितले होते. कायद्याने दोन्ही कागद पक्के आहेत.

कुरआन शरीफमध्ये डाळिंबाचे नाव तीनदा येते, दोनदा सूरह अन्आममध्ये आणि एकदा सूरह रहमानमध्ये. अन्आमच्या 141 व्या आयतीत डाळिंबाचे नाव घेतल्यावर हुकूम येतो, की तोडणीच्या दिवशी त्याचा हक देऊन टाका. तो हक पिकातल्या गरिबांच्या वाट्याचा आहे, वारसाचा नाही, हे मला माहीत आहे. तरी अब्बांचे ते पिशवी देतानाचे वाक्य आठवत राहिले. हक शब्द त्यांनी बरोबर वापरला होता, वस्तू तेवढी चुकली. अल्लाह त्यांची मगफिरत करो. माणूस वाईट नव्हता. सगळ्या घरांत असेच चालायचे.

निघण्यापूर्वी मी झाडाला दोन गुट्या बांधल्या. फांदीची साल गोल काढायची, ओले शेवाळ लावायचे, वर प्लास्टिक घट्ट बांधायचे. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत मुळे फुटतात, म्हणजे व्यवहाराच्या आधी काढता येतील. एक फुफीच्या दारात लावायची, दुसरी बहिणीच्या.

चाचांच्या मुलाला मी पैशांचे सांगितले. तो म्हणाला, "तुझ्या वाट्यातून तू दे. आमच्या अब्बांना विचारावं लागेल." चाचा अंथरुणावर आहेत. पुढच्या जुम्याला मी पुन्हा जाणार आहे. फुफीने बजावले आहे, भांडायचे नाही.

रात्री बहिणीला फोन केला. तिकिटावरचे आकडे वाचून दाखवले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भाईजान, माझ्यासाठी डाळिंबं आणली की नाही?"

दोन आणली होती.