किनवटमधून प्रवेश परीक्षेचे इंग्रजी

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी महाराष्ट्रात जी सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) होते, तिच्यात २०० प्रश्न असतात आणि वेळ १५० मिनिटांचा. ७५ प्रश्न तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. सरासरी काढली तर एका प्रश्नाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात. गणितात आणि तर्कात मराठी माध्यमाचा विद्यार्थी फारसा मागे नसतो. सूत्राला माध्यम नसते. तो अडतो तो इंग्रजीच्या पन्नास प्रश्नांत. शब्दसंग्रह, व्याकरण आणि उताऱ्यांचे आकलन असे या विभागाचे तीन भाग. किनवटसारख्या तालुक्याच्या गावी राहून त्यांचा सराव कसा होतो, गाडी कुठे अडते आणि कशाने सुटते, हे पुढे क्रमाने दिले आहे. त्याला आधार प्रस्तुत लेखकाने याच गावात केलेल्या तयारीचा आहे.

किनवट हे पैनगंगेकाठचे गाव, नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडील टोकाला. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. घरात गोरमाटी, गोंडी, कोलामी, तेलुगू किंवा उर्दू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी असा इथला रिवाज. बंजारा तांड्यावरच्या किंवा कोलामाच्या मुलाला इंग्रजी ही चौथी भाषा ठरते. ही अडचण म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात एक सोय आहे. एकाच गोष्टीला निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या तऱ्हेने बोलायचे असते, हे अशा मुलाला कुणी शिकवावे लागत नाही.

खरी अडचण शाळेतल्या सवयीची आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे पदवीधर झालेला विद्यार्थी पंधरा वर्षे ही भाषा शिकलेला असतो. त्याचे जुने पाठ्यपुस्तक उघडून पाहिले तर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेला सापडतो. धडा वाचायचा म्हणजे इंग्रजी ओळ सोडून पेन्सिलची ओळ वाचायची. परीक्षेपुरते ते भागते. पण नजर शब्दागणिक थांबायला शिकते आणि ४५ सेकंदांच्या हिशेबात ही सवयच सगळ्यांत महाग पडते.

तयारीची सुरुवात बहुतेक जण शब्दांच्या यादीपासून करतात. हजारो शब्द, इंग्रजी वर्णानुक्रमाने, पुढे मराठी अर्थ. ‘ॲबेट’, ‘ॲबज्युअर’, ‘ॲब्रोगेट’ असे सारख्या तोंडवळ्याचे शब्द एकाखाली एक आल्यावर आठवडाभरात त्यांची सरमिसळ होते, आणि यादी ‘सी’च्या पुढे सहसा जात नाही. या यादीला पर्याय जुनाच आहे. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक १९४९ साली निघाले, त्यात शब्द मुळांवरून शिकवले आहेत. मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटायचे कारण नाही. आहार, विहार, संहार, प्रहार, उपहार हे शब्द त्याने एकाच धातूला उपसर्ग लावून बनलेले पाहिलेले असतात. इंग्रजीत इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट आणि सर्कमस्पेक्ट हे तसेच बनतात. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, बाकी सगळी दिशा उपसर्गाची.

मुळे शोधायला पुस्तकापर्यंतही जावे लागत नाही. किनवटच्या विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये जी कागदपत्रे असतात तीच पुरतात. कॉलेजचे बोनाफाइड, तहसीलचे डोमिसाइल, जातीची व्हॅलिडिटी आणि प्रवेशाच्या वेळची ग्रिव्हन्स फेरी हे चार शब्द तालुक्यात निरक्षर आजीलाही पाठ असतात. बोनाफाइडमधला ‘फाइड’ म्हणजे विश्वास. तोच पुढे फिडेलिटीत निष्ठा होतो, कॉन्फिडन्समध्ये भरवसा होतो आणि परफिडीत विश्वासघात. डोमिसाइलमधले घर डोमेस्टिकमध्ये भेटते. व्हॅलिडिटीच्या मुळाशी बळ आहे. त्यावरून व्हॅलर म्हणजे शौर्य, प्रिव्हेल म्हणजे वरचढ ठरणे, इक्विव्हॅलन्ट म्हणजे समबळ आणि ॲम्बिव्हॅलन्ट म्हणजे दोन्हीकडे सारखीच ओढ असलेला. ग्रिव्हन्समध्ये जडपणा आहे, तो ग्रॅव्हिटीत आणि ॲग्रव्हेटमध्ये दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या वहीत असे एकेक पान एकेका दाखल्याच्या नावाचे होते. पानाच्या मधोमध दाखल्याचे नाव, भोवती त्याचा गोतावळा आणि प्रत्येक शब्दाखाली तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य. अर्थ एकटा लिहिलेला टिकत नाही, वाक्यासकट लिहिलेला टिकतो.

शब्दसंग्रहावर किती वेळ द्यावा याचे उत्तर परीक्षांनीच बदलत आणले आहे. अमेरिकेतील विद्यापीठांसाठीच्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये काढून टाकले गेले. आता तिथे शब्द वाक्यात बसवावे लागतात. आयआयएमच्या प्रवेशासाठीच्या ‘कॅट’मध्ये सुटे समानार्थी शब्द विचारणे कधीच मागे पडले. राज्याच्या सीईटीत ते अजून येतात, पण त्यातही गाळलेल्या जागा भरण्याचे आणि सलग उताऱ्यातल्या रिकाम्या जागांचे प्रश्न असतातच. यादी घोकणाऱ्याला त्यांत अडखळायला होते.

व्याकरणासाठी मराठवाड्यात दोन पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या घरात असतात. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरे रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण. यांतले पर्सिव्हल रेन काही काळ मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे १९२४ मधल्या ‘बो जेस्ट’ या साहसकथेने नावारूपाला आले. त्यांच्या व्याकरणात साहसाचा मागमूस नाही, पण पुस्तक पक्के आहे. दोष पुस्तकाचा नसून ते पहिल्या पानापासून वाचण्याचा आहे. नामाचे प्रकार वाचून चूक ओळखण्याचा एकही प्रश्न सुटत नाही. मराठी बोलणाऱ्याच्या चुका ठरावीक असतात आणि त्या मराठीतूनच येतात. त्या आधी वेचाव्यात.

आदरार्थी अनेकवचन ही त्यांतली पहिली. ‘सर आले आहेत’, ‘वडील गेले आहेत’ असे म्हणणारा विद्यार्थी सहज ‘माय फादर हॅव गॉन’ लिहून जातो. त्याने संस्कार पाळलेले असतात. गुण मात्र जातो. ‘जरी-तरी’च्या जोडीमुळे ‘दो’ने सुरू झालेल्या वाक्यात मध्येच ‘बट’ येते. इंग्रजीला दोहोंपैकी एकच चालतो. ‘दोन वर्षांपासून शिकतो आहे’ यातला वर्तमानकाळ तसाच नेला की ‘आय ॲम लर्निंग सिन्स टू इयर्स’ तयार होते, आणि एका वाक्यात दोन चुका होतात: काळाची, आणि ‘फॉर’च्या जागी ‘सिन्स’ची. ‘त्याविषयी चर्चा केली’ यातला ‘विषयी’ ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ होऊन लागतो. ‘तिच्याशी लग्न’ यातला ‘शी’ ‘मॅरिड विथ’ होतो, आणि ‘पेक्षा’मुळे ‘सुपीरियर’पुढे ‘टू’ऐवजी ‘दॅन’ येतो. चुका शोधायच्या प्रश्नांत हीच मंडळी आलटून पालटून भेटतात.

कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळात अडचण खोल आहे. मराठीत ‘मुलाने पोळी खाल्ली’ आणि ‘मुलीने आंबा खाल्ला’ असे आपण म्हणतो. क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघते. त्यामुळे वाक्यातला कर्ता हुडकून त्याच्याशी क्रियापद ताडून पाहायची सवयच लागलेली नसते. परीक्षक कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये सात-आठ शब्दांची गर्दी करतो आणि क्रियापदाच्या शेजारी एक अनेकवचनी नाम ठेवतो. मधले शब्द मनातल्या मनात खोडून दोन टोके समोरासमोर आणणे, एवढाच त्याला उतारा.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांची गोष्ट वेगळी आहे. मराठीत ही उपपदे नाहीत, तेलुगूत नाहीत, गोंडीत नाहीत. किनवटच्या वर्गात या बाबतीत सगळे एकाच नावेत बसलेले असतात. ‘द’ कुठे येतो हे वाचून वाचूनच अंगवळणी पडते. ‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न मात्र देवनागरी येणाऱ्याने चुकवू नये. पुढचा शब्द देवनागरीत लिहावा. तो स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने सुरू झाला तर ‘अ’. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. अवर, ऑनेस्ट आणि एमबीए स्वराने सुरू होतात म्हणून ‘ॲन’. इंग्रजी स्पेलिंग इथे फसवते, देवनागरी फसवत नाही. हे पुस्तकांत असे सांगितलेले प्रस्तुत लेखकाला आढळले नाही, आणि त्याचे नवलच वाटते.

यापुढचे सगळे वाचनाचे. कॅटमध्ये इंग्रजीला स्वतंत्र ४० मिनिटे असतात. अलीकडच्या वर्षांत त्यात २४ प्रश्न आले आणि त्यांतले १६ उताऱ्यांवरचे होते. सीईटीत उतारे तुलनेने सोपे, पण वेळ तुटपुंजा. उताऱ्याचा विषय काहीही असू शकतो: चलनवाढ, मुंग्यांची वसाहत, तत्त्वज्ञान. विषय माहीत नसल्याने फारसे बिघडत नाही. उलट विषय माहीत असला की जास्त बिघडते, आणि याचे उदाहरण किनवटलाच उत्तम मिळते.

समजा उतारा सागाच्या लागवडीवर आहे. पहिल्या परिच्छेदात म्हटले आहे की एकाच जातीच्या लागवडीने लाकूड आणि महसूल भरपूर मिळतो. दुसरा परिच्छेद ‘हाउएव्हर’ने सुरू होतो आणि सांगतो की अशा जंगलात मोह, चारोळी, तेंदू यांना जागा राहत नाही. तिसऱ्यात लेखक म्हणतो की मिश्र लागवडीचे उत्पन्न उशिरा येईल, तरी तिचा विचार व्हायला हवा. प्रश्न येतो, लेखक कोणत्या विधानाशी सहमत होईल? पर्याय चार. सागाची लागवड पूर्ण थांबवावी. सागाचा महसूल मोठा असतो. जंगलाचे मोल नुसत्या लाकडावरून ठरवू नये. आदिवासींना जंगल अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळते.

पहिला पर्याय टोकाचा, लेखक इतका पुढे गेलेलाच नाही. दुसरा उताऱ्यात आहे, पण तो लेखकाने मान्य करून बाजूला ठेवलेला मुद्दा आहे. ‘हाउएव्हर’च्या आधीचे सहसा असेच असते. तिसरा बरोबर. आणि किनवटचा विद्यार्थी बोट ठेवतो चौथ्यावर. त्याच्या घरी मोहाची फुले वाळत घातलेली असतात, उन्हाळ्यात तेंदूपाने खुडायला आजोळची माणसे पहाटे निघतात. विधान त्याच्या लेखी शंभर टक्के खरे आहे. पण उताऱ्यात ते कुठेही नाही. परीक्षा जगातले सत्य विचारत नाही, उताऱ्यातले विचारते. हे एकदा पटले की उताऱ्यांतले गुण चटकन वाढतात. बाकी क्लृप्त्या त्यामानाने दुय्यम.

वेग वाढवायला क्लृप्ती नाही, रोजचे वाचन आहे. प्रस्तुत लेखकाचा निम्मा सराव नांदेडला जाणाऱ्या रेल्वेत झाला. किनवट सुटले की बोधडी येईपर्यंत एक उतारा, तिथून सहस्रकुंडपर्यंत दुसरा, हिमायतनगरच्या पुढे उत्तरे तपासायची. जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंज नसते, म्हणून उतारे झेरॉक्स करून नेलेले बरे; शिवाय कागदावर शब्दकोश उघडता येत नाही, हा मोठाच फायदा. अनोळखी शब्द आला तरी वाक्य संपेपर्यंत थांबायचे नाही, हा एकच नियम. इंग्रजी वाक्यात मुख्य क्रियापद लवकर येते आणि ‘विच’, ‘हू’ लावून तपशील मागून जोडला जातो. मराठीत ‘जो’ आधी येतो आणि क्रियापद अगदी शेवटी. त्यामुळे मराठी वाचक इंग्रजी वाक्याचा शेवट गाठून पुन्हा मागे फिरतो. क्रियापद दिसताच अर्थ धरायचा आणि पुढचे त्याला जोडत जायचे, हे काही आठवड्यांत जमू लागते.

साहित्याची आता वानवा नाही. इंग्रजी दैनिकांचे अग्रलेख फोनवर मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. अभ्यासिकेत वीज गेली तरी कागद वाचता येतो. संगणकावरची सराव परीक्षा मात्र वेळ लावून, पूर्ण १५० मिनिटांची द्यावी. नांदेडच्या केंद्रावर पडद्यावर उतारा वाचायची पहिलीच वेळ येऊ नये. वेळेची वाटणी करायची झाल्यास निम्मा वेळ वाचनाला, उरलेल्यातला मोठा भाग मराठीतून येणाऱ्या चुकांना आणि शेवटचा शब्दांना द्यावा. बहुतेक जण ही वाटणी नेमकी उलटी करतात.

परीक्षेच्या दिवसाबद्दल एकच. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून वेळ संपण्याआधी एकही प्रश्न कोरा ठेवू नये. कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला तर १ जातो. तिथे अंदाज जपून करावा. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, आणि ते इंग्रजीतूनच वाचावे.