कोचीहून दोन पत्रे

पत्र पहिले : विलिंग्डन बेट



कोची हे बंदर पुराने घडवले, असे परंपरा सांगते आणि बहुतेक इतिहासकारही मानतात. प्राचीन काळी रोमन साम्राज्याला मिरी पुरवणारे मुझिरिस हे बंदर ज्या परिसरात होते, तेथील पेरियार नदीचे मुख १३४१ च्या पुरात गाळाने भरले आणि दक्षिणेस कोचीपाशी कायलाला (किनाऱ्याला समांतर पसरलेल्या खाजणाला केरळात कायल म्हणतात) समुद्राकडे नवी वाट फुटली. मात्र या वाटेच्या तोंडाशी वाळूचा दांडा असल्यामुळे मोठ्या आगबोटी बाहेरच नांगरून राहत व माल होड्यांतून वाहिला जाई. १९२० मध्ये आलेले इंग्रज अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो यांनी तो दांडा खोदून काढला, मे १९२८ मध्ये 'पद्मा' ही आगबोट थेट आत शिरली, आणि उपशाच्या गाळाची भर घालून पुढे हे विलिंग्डन बेट तयार झाले.

पत्र दुसरे : मट्टांचेरी



कालिकतच्या सामुतिरीशी, म्हणजे तेथील राजाशी, वैर असलेल्या कोचीनरेशाला समुद्रावरचा मित्र हवा होता, म्हणूनच पोर्तुगिजांना १५०३ मध्ये येथे किल्ला बांधता आला. परंतु किल्ल्याबाहेरची मट्टांचेरी राजाकडेच राहिली, आणि पुढचा बराच इतिहास या विभागणीतून उलगडतो. १५३० मध्ये पोर्तुगिजांनी राजधानी कोचीहून गोव्याला हलवली. त्यानंतर गोव्यातील धर्मांतराच्या सक्तीतून निसटलेली सारस्वत कुटुंबे मात्र उलट दिशेने येथे आली, आणि ज्यांच्या भयाने गाव सोडले त्यांच्याच किल्ल्याशेजारी, पण राजाच्या हद्दीत, स्थिरावली. परदेशी ज्यूंचे १५६८ मधील प्रार्थनास्थळही मट्टांचेरीत राजाच्या राजवाड्याला लागूनच आहे; हा योगायोग नसावा.

१६६३ मध्ये किल्ला डचांच्या हाती गेला. त्यांचा अधिकारी हेन्ड्रिक फान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला (१६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅम), ज्याचा आधार इट्टी अच्युतन या स्थानिक वैद्याचे ज्ञान होते, तर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी १६७५ मध्ये त्यासाठी नागरी लिपीत, कोकणी भाषेत, साक्षपत्र लिहून दिले. पहिल्या खंडात छापलेले हे साक्षपत्र मुंबईत देवनागरी छपाई सुरू होण्याच्या शतकाहून अधिक आधीचे आहे.