मायनर म्हणजे नक्की किती मायनर?

बेसबॉल आणि आपला संबंध तसा बेताचाच. हॉलिवूडच्या सिनेमात दिसणारी ती टोपी, तो दंडुका, आणि 'क्रिकेटचा अमेरिकेतला चुलतभाऊ' एवढ्यावर आपलं ज्ञान संपतं. माझंही संपत होतं. पण गेले दोन-तीन वीकएंड या खेळाचा जुना इतिहास वाचण्यात गेले आणि त्यात एक गोष्ट अशी सापडली की दर एप्रिलात अप्रेझलकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जमातीला सांगितल्याशिवाय राहवेना.

गोष्ट अशी की एके काळी अमेरिकेतले काही अव्वल खेळाडू मेजर लीगमध्ये खेळण्यापेक्षा मायनर लीगमध्ये खेळणं पसंत करायचे. आता आपल्या डोक्यात लगेच रणजी आणि टीम इंडिया येतं. रणजीत वर्षानुवर्षं खेळला म्हणजे बिचाऱ्याचं सिलेक्शन झालं नाही! ते गणित जरा बाजूला ठेवा, इथे ते लागू पडत नाही.

आधी नकाशा बघू. १९०३ ते १९५२ या पन्नास वर्षांत मेजर लीगचे तेच १६ संघ होते आणि ते सगळे मिळून १० शहरांत होते. त्यातलं सगळ्यात पश्चिमेकडचं शहर सेंट लुईस. त्याच्या पुढे पॅसिफिक महासागरापर्यंत अर्धा देश पसरलेला, आणि तिथे मेजरचा एकही संघ नाही. विमानप्रवास रुळलेला नव्हता. रेल्वेने न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर दिवसच्या दिवस लागायचे. मग लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सिअ‍ॅटल, पोर्टलंड इथल्या लोकांनी काय बघायचं? त्यांची स्वतःची लीग होती, १९०३ साली सुरू झालेली पॅसिफिक कोस्ट लीग. कागदोपत्री मायनर. पण तिथल्या प्रेक्षकाला विचाराल तर तेच खरं बेसबॉल.

आता खेळाडूच्या बाजूने हिशोब मांडू (आपण तर एक्सेल शीट उघडूनच बसतो). कॅलिफोर्नियाची हवा मस्त, त्यामुळे सीझन लांबलचक. मेजरवाले १५४ सामने खेळायचे, तर इथे १९०५ साली सॅन फ्रान्सिस्को सील्सने २३० सामने खेळले! पगार सीझनच्या महिन्यांचा मिळायचा, म्हणजे जास्त महिने, जास्त पैसे. चांगल्या खेळाडूला मेजरच्या तोडीचे पैसे मिळणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. प्रवासही माणसात ठेवणारा. एका गावात आठवडाभर मुक्काम, मंगळवार ते रविवार सामने, सोमवारी गाडी पकडायची. शिवाय बरेच खेळाडू त्याच भागातले. घर जवळ, आईबाप जवळ, आणि बाजारात गेलं तर लोक नावाने ओळखणार.

उलट मेजरमध्ये 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचं प्रकरण होतं. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा. देतील तो पगार घ्या, नाहीतर घरी बसा. हे कलम खऱ्या अर्थाने मोडलं ते १९७५ साली. म्हणजे 'मोठ्या कंपनीत गेलं की बार्गेनिंग पॉवर वाढते' हे आपलं लाडकं तत्त्व तिथे चालतच नव्हतं.

माणसं बघा. जिगर स्टॅट्झ मेजरमध्ये आठ सीझन खेळला, पण १८ सीझन एकट्या लॉस एंजेलिस एंजल्समध्ये काढले. लेफ्टी ओडूल हा सॅन फ्रान्सिस्कोचाच पोरगा. १९२९ साली मेजरमध्ये .३९८ सरासरीने फलंदाजीचा किताब मिळवलेला (ही फार मोठी गोष्ट आहे, विश्वास ठेवा). १९३५ मध्ये तो गावी परतून सील्सचा मॅनेजर झाला आणि १९५१ पर्यंत तिथेच राहिला. मेजरमध्ये मॅनेजर म्हणून कधीच गेला नाही.

पण सगळेच काही खुशीने थांबले नव्हते, हेही सांगायला हवं. नाहीतर ही नुसती गोड गोड गोष्ट होईल. फ्रँक शेलेनबॅकचं हत्यार होतं थुंकी लावून टाकलेला चेंडू, स्पिटबॉल. १९२० मध्ये मेजरने त्यावर बंदी घातली. जुन्या १७ जणांना सूट मिळाली, पण हा तेव्हा मायनरमध्ये असल्याने त्याचं नाव यादीत नव्हतं. कोस्ट लीगने त्याला सूट दिली आणि त्याने तिथे २९५ सामने जिंकले. दुसऱ्या टोकाला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर, बाल्टिमोर ओरिओल्स हा इंटरनॅशनल लीगमधला मायनर संघ. त्याचा मालक जॅक डन याने लेफ्टी ग्रोव्हसारखा गोलंदाज १९२० ते १९२४ स्वतःकडेच ठेवला, आणि मग फिलाडेल्फियाला १,००,६०० डॉलरला विकला. ग्रोव्हने पुढे मेजरमध्ये बरोबर ३०० सामने जिंकले. त्याच्या त्या पाच वर्षांत त्याची मर्जी विचारतो कोण!

मग हे सगळं संपलं कसं? मला वाटतं, खरा मुद्दा इथेच आहे. खेळाडू बदलले नाहीत, लीगची मालकी बदलली. १९२०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीने मायनरचे संघ विकत घ्यायला किंवा करारात बांधायला सुरुवात केली. १९४०च्या सुमारास त्यांच्या हाताखाली तीसच्या वर संघ होते. बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. पूर्वी मायनरचा मालक सामने जिंकायला आणि तिकिटं विकायला संघ चालवायचा. आता संघाचं काम एकच, वर पाठवायला माल तयार करणं. त्यात टीव्ही आला, विमानं आली, आणि १९५८ मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला व जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला आले. कोस्ट लीगला आपली सगळ्यात मोठी शहरं सोडावी लागली. लीग आजही आहे, पण आता ती शिडीची एक पायरी आहे. पायरीवर संसार थाटता येत नाही.

माझा एक मित्र नाशिकला एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत आहे. आमच्या बॅचमधला सगळ्यात चांगला कोड लिहिणारा. प्रत्येक लग्नात त्याला कोणीतरी काका विचारतोच, "काय रे, पुण्याला नाही जमलं का?" तो हसून जिलबी घेतो. संध्याकाळी सहाला घरी असतो, मुलीला सायकल शिकवतो, पैसे व्यवस्थित मिळतात. हा मनाने स्टॅट्झच आहे.

पण हल्ली त्याला भेटलो की त्याच्या समाधानी स्वभावाचं कौतुक करण्याआधी मी एक रुक्ष प्रश्न विचारतो, "कंपनी अजून स्वतःचीच आहे ना रे? कोणी विकत तर घेत नाहीये?" कारण 'मला इथेच राहायचंय' हे त्याने ठरवून भागत नाही. ते 'इथे' स्वतःच्या पायावर उभं असावं लागतं.

असो. तुमच्या ओळखीत असा कोणी स्टॅट्झ असेल तर काकांना एवढं जरूर सांगा, की पोरगा मागे राहिलेला नाही, तो वेगळ्या लीगमध्ये खेळतोय.