लवकरच येत आहे

मलपृष्ठावरची यादी. 'आमची आगामी बालपुस्तके', खाली नावं, समोर किंमत. एखाद्यापुढं 'छपाईत'. यातली काही पुस्तकं कधीच निघाली नाहीत आणि ती ठरली होती, याला एवढाच पुरावा. शाळेच्या ग्रंथालयात बाइंडर पहिल्यांदा मलपृष्ठच काढून फेकतो. पुठ्ठा मजबूत, यादी गेली.

तीन रात्री. साने गुरुजींनी 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहायला घेतली. त्यातलं प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र; सगळ्या मिळून 45 रात्री झाल्या. छापताना तीन गाळल्या. उरलेल्या 42 घरोघरी. त्या तीन रात्रींबद्दल कुणी विचारत नाही.

पूर्वनोंदणीची पावती. सवलतीत संच, पैसे आधी. बीडमध्ये ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ऊसतोडीसाठी मुकादम मजुरांना आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देतो; ही उलटी उचलच. फरक इतकाच, मुकादम आपली उचल हंगामात वसूल करतो. संच निघालाच नाही तर पोरानं दिलेली उचल कोण वसूल करणार?

दिवाळीचा मुहूर्त. बरीच मराठी बालपुस्तकं दिवाळीला जाहीर होतात, कारण पुण्या-मुंबईत तेव्हा सुटी आणि खरेदी. बीडच्या धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोद्याकडं त्याच सुमाराला ऊसतोड मजुरांचे ट्रक भरतात. कोयत्याबरोबर लेकरंही साखर कारखान्यावर. मागं राहिलेली आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. वेळेवर निघालेलं पुस्तकही या मुलांपुरतं न निघालेलंच. लांबलेल्या पुस्तकांची चर्चा होते, या मुलांची होत नाही. मला हे जास्त खटकतं.

'चांदोबा' मासिकाची वर्गणी. मराठी अंक 1952पासूनचा. 2013च्या सुमाराला अंक यायचे थांबले, थांबल्याचं वर्गणीदारांना कुणी कळवलं नाही. पोरं तोवर मोठी झाली होती, म्हणून बोंब झाली नाही.

रजिस्टर्ड बुकपोस्ट. पाच किलो पुस्तकं 80 रुपयांत देशात कुठंही. डिसेंबर 2024मध्ये टपाल खात्यानं ही सोय बंद केली. चाळीस पानी बालपुस्तक अंबाजोगाईला पाठवायचं तर तेव्हा टपालखर्च किमतीला गाठू लागला. छोट्या प्रकाशकांनी मग हात आखडले. त्यांना दोष देववत नाही.

छापील यादीही आता क्वचितच दिसते. मुखपृष्ठाचं चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर चढतं, 24 तासांत उतरतं. खाली 'लवकरच'. तारीख घालत नाहीत, एवढं शहाणपण आलंय.